घरी विमान बांधू पाहणाऱ्या बेळगावकरांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विमान बांधायला खर्च किती येतो?" मी उलट विचारतो, "रिव्हेट मारलायस का कधी?" रिव्हेट म्हणजे दोन पत्रे कायमचे जोडणारी धातूची मेख.

आपल्या भागात एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे कारखान्यातला हात. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, हत्तरगीला तर एअरबससाठी सुटे भाग बनतात. तिथं राबणारा आयटीआयचा मुलगा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतो. घरच्या विमानाला हेच कसब लागतं. फक्त "चालतंय की" म्हणायची सवय सोडावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड काम तेच.

रिव्हेटचंच घ्या. 1/8 इंची सॉलिड रिव्हेटसाठी भोक पाडलं की दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कूस, काढायची, कारण पुढं तडा जातो तो तिथूनच. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट आत हवा. एकानं रिव्हेट ठोकायची गन चालवायची, दुसऱ्यानं मागून बकिंग बार, म्हणजे टेकवायचा जड लोखंडी ठोकळा, धरायचा. ठोकून तयार झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच, म्हणजे 3/16 इंच रुंद आणि 1/16 इंच उंच भरलं पाहिजे. तिरकं बसलं तर ड्रिल करून काढा, नवा मारा. रद्दी पत्र्यावर हात बसेपर्यंत विमानाच्या पत्र्याला शिवू नका.

बोल्ट गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातला चालत नाही. तो एएन मानकाचा, म्हणजे विमानासाठीच ठरवलेल्या मापाचा आणि दर्जाचा हवा, कागदपत्रांसकट. ॲल्युमिनियमचा पत्रा 6061-टी6 जातीचा आहे की 2024-टी3, कुठल्या लॉटचा, काम कधी केलं, कुणी तपासलं, सगळं फोटोसह वहीत उतरवा. पंखाचं कातडं, म्हणजे वरचा पत्रा, एकदा बंद झालं की आतलं काम दाखवायला ही वहीच उरते. व्यवसायानं वैमानिक असलेल्या अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, पण नोंदणी 2017 मध्ये झाली. कागदाचं काम किती चिवट असतं ते यावरून समजून घ्या आणि पहिल्या दिवसापासून त्याची तयारी ठेवा.

बांधायला हात घालण्याआधी उडायला शिका. ज्यानं स्वतः स्टॉल, म्हणजे पंखाची उचल अचानक सुटणं, अनुभवलाय, तो पंखाची कड वाकडी राहू देत नाही. दहावी पास झाल्यावर 16 व्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना आणि 17 व्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. त्यासाठी निदान 40 तासांचं उड्डाण लागतं. वर्ग 2 ची वैद्यकीय तपासणी मात्र सगळ्यात आधी. रंग ओळखण्यात अडचण असेल तर ती फी भरण्याआधी कळलेली बरी. 2021 मध्ये नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यात बेळगाव होतं. तेव्हा बंगळूरच गाठलं पाहिजे असं आता राहिलेलं नाही. घरचे "हे आपलं काम नव्हे" म्हणाले, तर त्यांना विष्णू माधव घाटगे यांच्याबद्दल सांगा. 1951 मध्ये पहिल्यांदा उडालेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान त्यांच्या हाताखाली घडलं, आणि ते आपल्या शेजारच्या कोल्हापूरकडचे.

आता इथल्या हवेबद्दल. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 35 वर गेला की विमानाला तिथली हवा जवळपास 5,500 फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. इंजिनाचा जोर घटतो, धाव लांबते, चढण मंदावते. लहान इंजिनाचं विमान असेल तर सकाळीच उडा. पावसाळ्यात आंबोली, चोर्ल्याकडून ढग खाली उतरतात, आणि वीसेक अंशांच्या दमट हवेतही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान झपाट्यानं उतरतं. उतरण्यासाठी पॉवर कमी केली असताना हा धोका जास्त. इंजिनाची चाल कारण नसताना मंदावली तर कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, पूर्ण उघडा आणि थोडा वेळ तशीच ठेवा. बर्फ वितळताना इंजिन आणखी खडखडतं. घाबरून कार्ब हीट लगेच बंद करू नका.

या महिन्यात दोनच कामं करा. वैद्यकीय तपासणीची तारीख घ्या, आणि उद्यमबागेतल्या एखाद्या ओळखीच्या कारखानदाराकडं सुट्टीच्या दिवशी पत्रा कापायला, भोकं पाडायला टेबलाचा कोपरा मागा.