टूल चेंजच्या आधी झेड जॉबवर येतो? माझा अनुभव

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं उभं मिलिंग मशीन) चालवतो, फानुक कंपनीचा कंट्रोल. लक्षण असं: पहिलं टूल मस्त चालायचं, पण काम संपवून दुसरं बोलावलं की झेड (टूल वर-खाली नेणारा अक्ष) वर जायच्या ऐवजी आधी रॅपिडमध्ये (फुल स्पीडने) खाली जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, टॉपवर यायचा, अन् मग होमला (मशीनच्या ठरलेल्या मूळ जागी). बाजूला क्लॅम्प असला की खेळ खल्लास, दोन एंडमिल (कटर) गेले.

ऑफसेट (टूलच्या लांबीची मापं) परत घेतले, एच नंबर (कोणत्या टूलला कोणतं माप) तपासले, मेकॅनिक पण येऊन गेला, काहीच नाही. डोकं पार आउट झालं होतं भाऊ.

चूक प्रोग्रामच्या एका ओळीत होती, जी२८ झेड० (जी२८ म्हणजे होमला जा). यातला झेड० म्हणजे होमच्या वाटेतलं मधलं ठाणं. जी९० (मापं जॉबच्या झीरोपासून) चालू असला की ते जॉबचं झीरो धरतं, जी९१ (इन्क्रिमेंटल, मापं आहे तिथून) असला तर आहे तिथून शून्य अंतर, म्हणजे सरळ वर. सुरुवातीच्या सेफ्टी लाइनीत जी९१ होता म्हणून पहिलं टूल वाचायचं.

आता प्रत्येक टूलनंतर हाच क्रम:
जी८० एम९ (ड्रिल सायकल अन् कूलंट बंद)
एम५ (स्पिंडल बंद)
जी९१ जी२८ झेड०
जी४९ (टूल लांबीचा ऑफसेट रद्द; वर गेल्यावरच, आधी नाही)
टी२ एम६ (दुसरं टूल लावा)
जी९० जी५४ जी० एक्स० वाय० एस१२०० एम३ (जॉबच्या झीरोवर रॅपिड, स्पिंडल चालू)
जी४३ एच२ झेड५० एम८ (नव्या टूलची लांबी धरा, कूलंट चालू)

जी९० परत लिहायला विसरलात तर पुढचं सगळं इन्क्रिमेंटल धरते मशीन, ते आणखी वाईट. पहिल्यांदा जॉब काढून, सिंगल ब्लॉक (एकेक ओळ थांबत) अन् रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवूनच चालवा.