रंगाखालून परत परत येणारा गंज कसा थांबला (बाईकचा मेन स्टँड आणि स्विंगआर्म)

घर गोव्यात मिरामारला, समुद्राकाठी, खारा वारा कायमचाच, त्यामुळे पावसाळा सरला की स्टँड नि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) रंगाला फुगे यायचे, नखाने खरवडलं की पापुद्रा निघून खाली लाल गंज. रेड ऑक्साईडवर काळा स्प्रे मारून झाला, पावडर कोटिंगही केलं, पण खडा लागून टवका उडाला की तिथून गंज आत सरकायचाच. जाम वैताग.

टिकलं ते टू-पॅक एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा अस्तर, हार्डनर वेगळा येतो नि मारण्याआधी मिसळायचा). पार्ट सोडवून वायर ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, खड्ड्यांत काळे ठिपके राहता कामा नयेत. थिनरच्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या स्वच्छ फडक्याने, नंतर उघडा हात लावायचा नाही. भोकांना मास्किंग टेप. हार्डनर डब्यावरच्या मापानेच, अंदाजपंचे नको. आधी कडा नि वेल्डिंगवर ब्रशने एक हात (गंज तिथूनच सुरू होतो), मग पातळ दोन कोट, आणि डब्यावर दिलेल्या वेळेत वर टू-के पीयू ब्लॅक (हार्डनर मिसळून मारायचा काळा पॉलियुरेथेन रंग), वेळ उलटली तर ३२० ने घासूनच.

सकाळच्या दवात मारू नका, ऊन तापू दे. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर फुफ्फुसांना घातक, कापडी मास्क अजिबात चालत नाही.