अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्टचा परवाना कसा मिळवावा

भारतातली बी.ऑप्टोम. पदवी हातात असली, तरी तेवढ्यावर अमेरिकेत रुग्णांचे डोळे तपासता येत नाहीत. तिथे परवाना देतं ते त्या त्या राज्याचं ऑप्टोमेट्री बोर्ड. कॅलिफोर्नियाचा परवाना शेजारच्या नेवाडात चालत नाही. म्हणून राज्य आधी ठरवा, त्या बोर्डाच्या अटी वाचा आणि मगच कुठेही फी भरा.

पहिली पायरी पदवीची. ‘डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री’, म्हणजे ओ.डी., हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कॉलेजला एसीओई, म्हणजे ऑप्टोमेट्री अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता हवीच. प्रवेशासाठी ओएटी, म्हणजे ऑप्टोमेट्रीची प्रवेश परीक्षा असते. तिचे गुण 200 ते 400 या श्रेणीत मिळतात. परदेशात शिकलेल्यांना काही कॉलेजं, उदाहरणार्थ बोस्टनचं न्यू इंग्लंड कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री, पुढच्या टप्प्यावर, म्हणजे सुरुवातीचा काही अभ्यासक्रम वगळून, प्रवेश देतात. बी.ऑप्टोम. झालेल्यांनी ही चौकशी सर्वांत आधी करावी. एक वर्ष वाचलं तरी मोठी फी वाचते.

दुसरी पायरी एनबीईओची, म्हणजे ऑप्टोमेट्रीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या तीन भागांच्या परीक्षेची, आणि खरी कसोटी हीच. पहिला भाग मूलभूत विज्ञानाचा. बहुतेक विद्यार्थी तो तिसऱ्या वर्षी देतात. 100 ते 900 च्या श्रेणीत 300 ला उत्तीर्ण. दुसरा भाग रुग्णाचं निदान आणि उपचार यांवर असतो. त्यातच टीमॉड, म्हणजे नेत्ररोगांच्या उपचाराचा विभाग येतो आणि त्याचा निकाल वेगळा लागतो. औषधं लिहिण्याचा अधिकार देताना बोर्ड टीमॉड पाहतं, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष महागात पडतं. तिसरा भाग प्रात्यक्षिकाचा. तो फक्त नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये होतो. तारीख लवकर घ्या, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च धरा. प्रत्येक भागासाठी जास्तीत जास्त सहा वेळा बसता येतं. तेव्हा ‘एकदा देऊन तर बघू’ म्हणून संधी वाया घालवू नका.

मग राज्याचा अर्ज. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्यांवर वेगळी परीक्षा असते आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. गुणपत्रक कॉलेजकडून आणि निकाल एनबीईओकडून बोर्डाकडे परस्पर जायला हवेत. तुम्ही स्वतः पाठवलेली झेरॉक्स चालत नाही.

आपल्याकडच्या अर्जदारांची गाडी अडते ती नावावर. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर पासपोर्टवर वेगळंच. ओएटीपासून परवान्यापर्यंत पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच लिहा. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर तयार ठेवा.

परवाना आला की दहा अंकी एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक काढा. तो मोफत मिळतो आणि विमा कंपन्यांकडे बिलं पाठवायला लागतो. नियंत्रित औषधं लिहायची असतील तर डीईए, म्हणजे अशा औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी वेगळी करावी लागते.

कॅलिफोर्नियात परवान्याचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी होतं. औषधं लिहिण्याची मान्यता असलेल्यांना त्या काळात 50 तासांचं निरंतर शिक्षण पूर्ण करावं लागतं. प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र त्याच दिवशी जपून ठेवा. बोर्ड पडताळणीसाठी ते मागू शकतं.