ड्युटी रोस्टर समोर ठेवून सिगरेट आणि व्हेप (ई-सिगरेट) कशी सोडावी: नर्सिंग स्टाफ आणि विद्यार्थ्यांसाठी

धूम्रपानाने काय होतं हे नर्सला शिकवायची गरज नाही. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला नेब्युलायझर लावून बाहेर आलेली व्यक्ती जिन्याखाली सिगरेट पेटवते, तेव्हा तिला माहिती कमी पडलेली नसते. लांबलचक ड्युटीत हक्काची म्हणावी अशी सुट्टी बऱ्याचदा त्या सिगरेटमुळेच मिळते. पाणी प्यायला बसलं की हाक येते, सिगरेटला गेलेल्याला मात्र पाच मिनिटं कुणी बोलावत नाही. निकोटीनची सवय आणि ही सुट्टी एकमेकांत इतकी गुंततात की एक सोडताना दुसरीही जाते, आणि मग दोन्ही परत येतात.

म्हणून सोडण्याची योजना रोस्टर हातात घेऊनच आखा. नेहमीचा सल्ला सकाळी उठून रात्री झोपणाऱ्या माणसाला धरून दिलेला असतो. नाइट करून सकाळी झोपणाऱ्याला तो जसाच्या तसा चालत नाही.

आधी नोंद, मग तारीख

एक पूर्ण फेरी होईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवसपाळी, एक नाइट आणि एक ऑफ येईपर्यंत, काहीही कमी न करता फक्त लिहून ठेवा. वेळ, जागा, सोबत कोण, त्याआधी नुकतंच काय झालं आणि तलफ किती होती (० ते ३). फोनमध्ये एका ओळीत मावतं. उदाहरणार्थ: «पहाटे ४.१०, मागचा जिना, एकटी, दोन अॅडमिशन लागोपाठ, तलफ १.»

ही «तलफ १» महत्त्वाची आहे. ती सिगरेट निकोटीनसाठी नव्हती, बसायला मिळावं म्हणून होती. नोंद वाचताना दोन ढीग वेगळे होतात. तलफ २-३ असलेल्या वेळांना औषध लागतं. ० किंवा १ असलेल्या वेळांना दुसरी सोय लागते: बसायची जागा, पाणी, बोलायला माणूस. सगळ्यांवर एकच उपाय केला की तो निम्म्या वेळा चुकीच्या ठिकाणी लागतो.

व्यसन किती खोल आहे हे फॅगरस्ट्रॉम चाचणीतल्या दोन प्रश्नांवरून बऱ्यापैकी कळतं. उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात? ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, ६ ते ३० मिनिटांत २, ३१ ते ६० मिनिटांत १, त्यानंतर ०. दिवसाला किती? १० पर्यंत ०, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्याहून जास्त असतील तर ३. नाइट करणाऱ्यांनी «उठल्यावर» म्हणजे मुख्य झोपेनंतर असं धरायचं, मग ती झोप संध्याकाळी का संपेना. बेरीज ४ च्या वर गेली तर नुसत्या निश्चयावर विसंबू नका.

औषध: जिथे बहुतेक योजना फसतात

इतरांना डोस वेळेवर देणारी माणसं स्वतः मात्र सिगरेटऐवजी घ्यायच्या निकोटीनचा (पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, गम म्हणजे चघळायची गोळी) डोस भीतभीत, अर्धाच घेतात आणि «गम उपयोगी नाही» म्हणून चौथ्या दिवशी सोडून देतात. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे. सिगरेटच्या धुरातलं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत जातं, पॅच किंवा गममधून ते सावकाश आणि कमी पातळीवर मिळतं. त्यामुळे पुरेसा डोस घेणं म्हणजे नवं व्यसन लावून घेणं नव्हे.

पॅच हा ड्युटीचा कणा. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगरेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा पॅच ६ आठवडे, मग १४ चा २ आठवडे, मग ७ चा २ आठवडे. १० किंवा कमी असतील तर १४ पासून सुरुवात. दंडाच्या वरच्या भागावर किंवा छातीवर, कोरड्या आणि केस नसलेल्या जागी लावा, तळहाताने १० सेकंद दाबून धरा. रोज जागा बदला आणि तीच जागा आठवडाभर वापरू नका. घामाने कडा सुटत असतील तर वर सर्जिकल टेप लावा. लावल्यावर हात पाण्याने धुवा, नाहीतर बोटांवरचं निकोटीन डोळ्यांत जातं. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटीन शिल्लक असतं, तेव्हा चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. स्वतःची एमआरआय तपासणी असेल तर आधी काढा, काही पॅचच्या पाठीमागे धातूचा थर असतो.

१६ तासांचा पॅच जागेपणी लावायचा असतो. नाइटच्या दिवशी तो संध्याकाळी उठल्यावर लावा आणि सकाळी झोपताना काढा. २४ तासांच्या पॅचने झोपेत विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडत असतील तर तोही झोपताना काढून ठेवता येतो. मग उठल्याबरोबर जी तलफ येते तिच्यासाठी गम जवळ हवी.

पॅचच्या जोडीला गम किंवा लॉझेंज (चोखायची गोळी) घेतलं तर एकट्या पॅचपेक्षा सुटण्याची शक्यता वाढते, हे अनेक चाचण्यांमधून दिसलं आहे. पहिली सिगरेट उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅमची गम, नाहीतर २ ची. एकटी गम वापरत असाल तर पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दर २-४ तासांनी, शेवटचे ३ आठवडे दर ४-८ तासांनी. २४ तासांत २४ पेक्षा जास्त नाही. पॅच असेल तर फक्त तलफेपुरती.

गम नेहमीसारखी चघळली तर निकोटीन पोटात जातं. तिथून ते यकृतात बरंचसं निष्प्रभ होतं, आणि हाती लागते ती उचकी आणि जळजळ. सावकाश चावा. तिखट किंवा मुंग्यांसारखं जाणवलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. साधारण मिनिटभराने चव ओसरली की पुन्हा थोडं चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. कॉफी, कोला किंवा फळांचा रस गमच्या १५ मिनिटं आधीपासून बंद, कारण तोंडातलं आम्ल निकोटीन शोषू देत नाही. परिणाम जाणवायला वेळ लागतो, त्यामुळे नोंदीतली तलफेची वेळ २ ची असेल तर गम पावणेदोनला.

वॉर्डात मास्कखाली गम चघळणं मात्र संसर्ग नियंत्रणाच्या दृष्टीने चूक आहे. हात तोंडाकडे जातो, मास्क हलतो. पेशंटजवळ असताना पॅच काम करतो. गम ब्रेकमध्ये, हात धुऊन.

गोळ्यांपैकी व्हॅरेनिक्लिन सर्वांत प्रभावी औषधांमध्ये मोडतं. सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात: पहिले ३ दिवस ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, ४ ते ७ व्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. मळमळ हा नेहमीचा त्रास. जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत घेतली की कमी होतो. उपाशीपोटी हॅंडओव्हरच्या घाईत गिळली तर राउंडमध्ये हमखास मळमळतं. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी असेल तर डोस बदलतो. ब्युप्रोपिऑन फिट्सचा इतिहास किंवा खाण्याचा विकार असलेल्यांना चालत नाही, आणि त्याने झोप उडते, म्हणून पाळी बदलत असेल तर दुसरा डोस झोपेच्या फार जवळ येऊ देऊ नका. या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावरच घ्या. स्टॉकमधून स्वतःच काढून सुरू करू नका. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर पॅच-गमसाठीसुद्धा आधी विचारा.

तारीख रोस्टरमध्ये बसवणं

निकोटीनचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं निकोटीन निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे २ तास. त्यामुळे शेवटच्या सिगरेटनंतर काही तासांतच चिडचिड सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते आणि बहुतेकांची २ ते ४ आठवड्यांत ओसरते. ते टोक नाइटवर येऊ देऊ नका. नाइट संपवून झोपा, आणि उठल्यापासून सोडलं असं धरा. पहिले दोन दिवस ऑफ आणि दिवसपाळीत जातील. पहिल्या आठवड्यात नाइट लागली असेल तर अदलाबदल मागा. कारण सांगायची लाज वाटू देऊ नका, औषधासाठी वेळ मागण्याइतकंच ते रास्त आहे.

विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आठवड्यात तारीख ठरवू नये. एक तर तीन आठवडे आधी, नाहीतर शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी पार्टी असते, म्हणून त्याच दिवशी नको.

पहाटेचे दोन तास

नाइटला खरी कसोटी पहाटे ३ ते ५ मध्ये. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं, डोळे मिटतात आणि आजवर तिथे निकोटीन जागं ठेवत आलेलं असतं. साहजिकच कॉफी वाढवाविशी वाटते, पण इथे एक गोम आहे. सिगरेटचा धूर यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढवतो, आणि कॅफिन त्याच एन्झाइमने बाहेर पडतं. धूर थांबला की तीच कॉफी शरीरात जास्त वेळ राहते. छातीत धडधड, हात थरथरणं, सकाळी झोप न लागणं याला लोक «सिगरेट सोडल्याचा त्रास» म्हणतात. त्यातला काही त्रास कॉफीचा असू शकतो. चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि मध्यरात्रीनंतर शक्यतो घेऊच नका. ड्युटीआधी दीड तासाची झोप, प्रखर प्रकाशात चार्टिंग, थंड पाण्याने तोंड धुणं, आणि तीनच्या आधी ब्रेक, एवढं जमवा.

हेच एन्झाइम क्लोझापिन, ओलान्झापिन (दोन्ही मानसिक आजारांवरची औषधं) आणि दम्यावरच्या थिओफिलिनलाही लागू आहे. यांपैकी काही तुम्ही स्वतः घेत असाल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. इथे पॅच बचाव करत नाही, कारण परिणाम निकोटीनचा नसून धुरातल्या घटकांचा आहे. दाखल झाल्यामुळे सिगरेट बंद झालेल्या पेशंटच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा.

ब्रेक सोडू नका

सिगरेट सोडली म्हणून दहा मिनिटांची सुट्टी सोडली, तर दुसऱ्या आठवड्यात थकव्याने सिगरेट परत येते. त्याच वेळेला बाहेर पडा, पण उलट दिशेला. मागचा जिना असेल तर पुढची गॅलरी. इनचार्ज सिस्टरना स्पष्ट सांगा: «मी सिगरेट सोडतेय, मला माझी दहा मिनिटं हवीत, या वेळात माझे बेड कोण बघेल?» बेड कुणाकडे सोपवायचे हे आधी ठरलेलं असेल तरच ब्रेक खरा होतो.

सुटेपर्यंतची एक खबरदारी: अल्कोहोलचं हॅंडरब लावल्यावर हात पूर्ण कोरडे होण्याआधी लायटर पेटवू नका. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत लायटर तर नकोच, व्हेपही नको. तिची तापणारी तार आग लावू शकते. दोन्ही लॉकरमध्ये राहू द्या.

व्हेप असेल तर

सिगरेट संपते, व्हेप संपत नाही. वॉशरूममध्ये दोन झुरके, लिनन रूममध्ये तीन, असं दिवसभर चालू राहतं आणि किती घेतलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून आधी हिशोब. द्रवाचे मिलिलिटर गुणिले लेबलवरची तीव्रता: २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा २ मिलिलिटरचा पॉड (द्रवाची कुपी) म्हणजे ४० मिलिग्रॅम, ५० चा असेल तर १००. हे सगळं अंगात जात नाही, पण आठवड्याची तुलना करायला आकडा मिळतो.

पहिली पायरी तीव्रता कमी करण्याची नाही. नुसती तीव्रता उतरवली की झुरके वाढतात आणि हिशोब तिथेच राहतो. आधी जागा आणि वेळ बांधा: व्हेप एप्रनच्या खिशात नाही, ड्युटीत फक्त ठरलेल्या ब्रेकला. मग दर दोन आठवड्यांनी तीव्रता एक पायरी खाली, मिलिलिटर वाढू न देता. वाढलेच तर तिथेच थांबा आणि गमची जोड द्या. उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत झुरका लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची.

सिगरेट पूर्ण सोडून व्हेपवर आलेल्याच्या शरीरात धुरातली विषारी द्रव्यं कमी जातात हे खरं. पण वॉर्डात व्हेप आणि बाहेर सिगरेट, असं दोन्ही चालू असेल तर तो फायदा हातचा जातो. अशांनी सिगरेट आधी सोडावी. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या फुंकर-चाचणीत सिगरेटचा धूर कळतो, व्हेप दिसत नाही, तेव्हा त्या आकड्यावर समाधान मानू नका.

ट्यूटर आणि इनचार्ज यांच्यासाठी

होस्टेलमध्ये पकडून पालकांना फोन केला की विद्यार्थिनी ओढायची थांबत नाही, लपवायला लागते. आणि लपवणाऱ्याला पॅच कोण देणार? पोस्टिंगमधला पहिला मृत्यू, पहिली चुकलेली प्रोसिजर, यानंतर सीनियर मायेने सिगरेट पुढे करतात, सुरुवात बऱ्याचदा तिथे होते. त्या दिवशी कुणीतरी पंधरा मिनिटं बसून बोलणं ही ट्यूटरची जबाबदारी समजा. रोस्टरमध्ये ब्रेक नावानिशी लिहा, ओढणाऱ्याला आणि न ओढणाऱ्याला सारखाच.

एखादी ओढली गेलीच तर

पॅच काढू नका, औषध बंद करू नका. उरलेलं पाकीट त्याच क्षणी टाकून द्या, कारण धोका पुढच्या एकोणीस सिगरेटींचा आहे. मग नोंदीत ती एक ओळ लिहा: वेळ, जागा, आधी काय झालं. सलग तिसऱ्या नाइटला घसरलं असेल तर पुढच्या रोस्टरला दोनपेक्षा जास्त नाइट लागोपाठ नकोत असं सांगा. पॅच लावूनही तलफ ३ येत असेल तर डोस कमी आहे, डॉक्टरांशी बोलून जोड वाढवा. मन दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास राहिलं तर डॉक्टरांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी. आणि तिसऱ्या आठवड्यात «आता बरं वाटतंय» म्हणून औषध थांबवू नका, ठरलेले आठवडे पुरे करा.