उत्तरायणात जखमी घार किंवा शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) सापडला तर काय करायचं: बाजदारांकडून शिकलेल्या गोष्टी

बडोद्यातली कॉलेजची पोरं भेटली की मला एकच विचारतात, काका, ससाणा पाळायचाय, कुठे मिळेल, हातावर बसायला कसा शिकवायचा. यूट्यूबवर अरबांचे व्हिडिओ बघून डोक्यात बसलेलं असतं. तर आधी सरळ उत्तर देतो, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला शिकारी पक्षी पकडणं, विकणं, घरी ठेवणं सगळं बेकायदा आहे आणि ते तसंच असावं असं मला मनापासून वाटतं. युनेस्कोने 2010 मध्ये फाल्कनरीला, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवण्याच्या कलेला, सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात अमिराती, सौदी, मंगोलिया, फ्रान्स, स्पेन असे देश होते, भारत तेव्हाही नव्हता आणि नंतर यादी वाढली तरी नाहीये. आपल्याकडे ही विद्या नव्हती असं मात्र नाही, इथे गुजरातेतच भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी स्वतः ससाणे उडवायचे आणि मोठे पक्षीतज्ज्ञही होते.

पण ती विद्या फुकट गेलेली नाही. मी आखातात नोकरीला होतो तेव्हा तिथल्या बाजदारांमध्ये, म्हणजे ससाणे पाळून त्यांना शिकवणाऱ्या लोकांमध्ये, बराच बसलो उठलो, आणि परत आल्यावर जानेवारीत, उत्तरायणाच्या म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांतल्या, पक्षी बचावाच्या कॅम्पमध्ये काम करायला लागलो तेव्हा लक्षात आलं की पक्षी धरायचा कसा, शांत करायचा कसा, काय खायला द्यायचं, मोडलेलं पीस कसं जोडायचं हे जे ते लोक पिढ्यानपिढ्या करतायत ना, तेच इथे मांज्याने कापलेल्या घारीला वाचवतं. म्हणून हे लिहितोय. बाज पाळायची हौस आहे ना, मग या, इथे पक्षी हातात घ्यायला मिळेल, फक्त तो परत सोडण्यासाठी.

सगळ्यात आधी धरायचं कसं ते, कारण तिथेच सगळं बिघडतं. लोक चोचीला घाबरतात. शिकारी पक्ष्याचं हत्यार चोच नाही, पंजे आहेत. घारीची नखं हाताच्या कापडातून आत जातात आणि पकड लॉक झाली की सुटत नाही. बाजदार पक्षी हाताळतो तेव्हा त्याचं लक्ष सतत पायांवर असतं, तुमचंही तिथेच पाहिजे. जाड टॉवेल घ्या नाहीतर जुनी चादर, पक्ष्याच्या मागच्या बाजूने हळू जा आणि डोकं झाकलं जाईल असं वरून अलगद टाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की तो बऱ्यापैकी गप्प होतो, ससाण्याच्या डोक्यावर चामड्याची टोपी घालतात ती ह्याचसाठी, शोभेसाठी नाही. मग चादरीवरूनच दोन्ही हातांनी पंख अंगाला मिटवून धरा, अंगठे पाठीवर, आणि बोटांनी पाय शेपटीच्या दिशेला मागे धरून ठेवा. छाती दाबायची नाही. हे मी कॅम्पमध्ये नवीन पोरांना दहादा सांगतो, पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे मागे हललं तरच श्वास होतो, तुम्ही घाबरून घट्ट आवळलं तर तो हातातच गुदमरून जातो आणि तुम्हाला वाटतं की जखमेने गेला.

आणि धरता धरता पंजा तुमच्या हातात रुतलाच तर हात झटकू नका, झटकला की तो अजून आवळतो. स्थिर राहा, दुसऱ्या माणसाला पक्ष्याचा पाय सरळ लांब करायला सांगा, पाय दुमडलेला असला की पकड घट्ट होते आणि सरळ झाला की सैल पडते, मग मागचं नख आधी सोडवायचं. नंतर साबणाने जखम नीट धुवा आणि डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा.

आता मांजा. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीच्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, आणि वासी उत्तरायण, म्हणजे उत्तरायणाचा दुसरा दिवस, संपल्यावरही दोरी झाडांवर आणि तारांवर लटकतच राहते. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली तरी तो मिळतोच, आणि तो पावसाने कुजत नाही की उन्हाने सहज तुटत नाही. घार कापली जाते ती बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये जो कातडीचा ताणलेला पडदा असतो तिथे. त्याच्या कडेने एक स्नायूबंध जातो, तो तुटला तर पंख पूर्ण उघडत नाही, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं एवढीशी तर जखम आहे. म्हणून जखम छोटी दिसली म्हणून पक्षी तसाच उडवून द्यायचा नाही.

गुंडाळलेली दोरी ओढायची नाही. कधीच नाही. दोन्ही बाजूंनी बोटभर लांब ठेवून कात्रीने कापा आणि मांसात रुतलेली तशीच राहू द्या, ती डॉक्टर काढतील. पक्षी झाडावर लटकला असेल तर खालून दोरी हिसकायची नाही, आणि तारांच्या जवळ असेल तर बांबू घेऊन वर चढायचं नाही, फायर ब्रिगेडला 101 वर फोन करा, उत्तरायणात ते लोक हे काम करतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉजची घडी हलक्या हाताने दाबून धरा, दोन चार मिनिटं, उचलून उचलून बघू नका.

हळद नको. खोबरेल तेल नको, मलम नको. आई आजी प्रेमाने लावायला जातात, त्यांचं चुकतं असं नाही, आपल्या कातडीला ते चालतं, पण पिसाला तेल लागलं की पीस चिकटतं, त्यातून थंडी आत शिरते आणि पक्ष्याला उडता येत नाही. आणि दुखत असेल बिचाऱ्याला म्हणून कपाटातलं वेदनाशामक जेल चोळणं किंवा माणसाची गोळी देणं तर अजिबातच नाही. डायक्लोफिनॅकने आपल्या देशातली गिधाडं कशी संपली हे आठवा, जनावरांसाठी ते औषध 2006 मध्ये बंद करावं लागलं.

पुठ्ठ्याचा खोका शोधा, पक्ष्यापेक्षा थोडाच मोठा, बाजूंना भोकं पाडा, तळाला जुनं सुती कापड घाला, पक्षी आत ठेवून वरून बंद करा आणि कोपऱ्यातल्या शांत खोलीत ठेवा. पोपटाचा तारांचा पिंजरा वापरू नका, घाबरलेला पक्षी तारांवर आपटतो आणि चांगली पिसं मोडून घेतो, मग जखम बरी होऊनही सोडता येत नाही. प्लास्टिकची पिशवी तर विचारूच नका. आमच्याकडे जानेवारीत रात्री गारठा असतो तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे त्याला पाहिजे तर जवळ येईल नाहीतर सरकेल. आणि एकदा झाकण लावलं की लावलं, शेजारची मुलं, सेल्फी, व्हॉट्सॲपला फोटो हे काही नाही. त्याच्या डोळ्याला डोळा लावून बघणारा प्रत्येक चेहरा त्याला खाणाराच वाटतो.

पाणी चोचीत ओतू नका. ही दुसरी गोष्ट जी मी ओरडून सांगतो. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, चमच्याने किंवा ड्रॉपरने टाकलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध, पाव, गाठिया, भात हे शिकारी पक्ष्याचं अन्नच नाही. पहिल्या काही तासांत काहीही न देणं हेच बरोबर. बाजदार रोज पक्षी तोलतो आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवतो, दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक, हाड सुरीच्या पात्यासारखं लागत असेल तर पक्षी बरेच दिवस उपाशी आहे, आणि अशा उपाशी पक्ष्याला कीव येऊन एकदम पोटभर मांस घातलं तर तो त्यानेच मरतो, त्याला आधी डॉक्टरांच्या हातून पातळ द्रव द्यावा लागतो. घार साधारण पाऊण किलोच्या आसपास भरते, शिक्रा तर त्याच्या पाव भागाएवढाच, त्यामुळे थोडं वजन घटलं तरी फार मोठी गोष्ट असते.

फोन कुठे करायचा: गुजरातमध्ये 1962 ही करुणा ॲनिमल ॲम्ब्युलन्स, आणि वन विभागाची हेल्पलाईन 1926. साधारण 10 ते 20 जानेवारीच्या दरम्यान सरकारचं करुणा अभियान चालू असतं तेव्हा शहरात ठिकठिकाणी उपचार केंद्रं उभी असतात, खोका घेऊन सरळ तिथे गेलात तरी चालतं. पक्षी कुठे सापडला ते नीट लिहून द्या, सोसायटीचं नाव, जवळची खूण, कारण नंतर त्याला सोडायचा असतो तो शक्यतो त्याच भागात. घरी दोन दिवस ठेवून बघू, बरा झाला तर सोडू, असं करू नका, मांज्याची जखम पहिल्या दिवशीच शिवली गेली तर पंख वाचायची शक्यता खूप जास्त.

आता पुढचा भाग केंद्रात काम करायची इच्छा असलेल्यांसाठी, घरी करायचा नाही. पण मला सगळ्यात जास्त ह्याचंच कौतुक आहे म्हणून जरा लांबण लावतो.

बसायची जागा. ससाण्याला सपाट माथ्याचा ठोकळा लागतो कारण रानात तो कड्यावर बसतो, शिक्रा झाडाचा पक्षी, त्याला गोल फांदीसारखा आडवा दांडा. चुकीच्या, कडक, गुळगुळीत जागेवर आठवडेच्या आठवडे बसवलं की तळपायाला घट्टे पडतात, मग त्यात पू होतो, हा आजार बाजदारांना फार जुना माहिती आहे आणि बरा व्हायला जखमेपेक्षा जास्त वेळ घेतो. म्हणून दांड्याला काथ्या किंवा कृत्रिम हिरवळीचा तुकडा गुंडाळतात.

खाणं. नुसतं बिनहाडाचं चिकन सारखं घालत राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, पक्ष्याला हाड, कातडी, पीस, केस सगळं पोटात जायला हवं. त्यातलं जे पचत नाही त्याची गोळी करून तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओकून टाकतो. नवीन स्वयंसेवक घाबरून पळत येतात की काका उलटी केली, अरे ती उलटी नाही, ती तब्येत चांगली असल्याची खूण आहे. गोळी पडायच्या आधी पुढचं जेवण द्यायचं नाही, हा बाजदारांचा नियम आम्ही जसाच्या तसा पाळतो. गोळी घट्ट, कोरडी आणि बिनवासाची असेल तर पोट उत्तम.

पीस जोडणं हे तर बघण्यासारखं काम. पंखाचं मोठं पीस मधेच मोडलं तर त्या जागी नवीन यायला पुढच्या पीसगळतीची वाट बघावी लागते, म्हणजे कित्येक महिने पक्षी अडकून पडणार. बाजदार काय करतो, त्याच जातीच्या पक्ष्याचं गळलेलं, त्याच पंखाचं, त्याच नंबरचं, म्हणजे पंखातल्या त्याच जागेचं, पीस घेतो, मोडलेल्या पिसाचा पोकळ दांडा कापून त्यात बांबूची बारीक तासलेली काडी बसवतो, दुसरं टोक नवीन पिसात, थोडा गोंद, आणि कोन अगदी मूळ पिसासारखा जुळवतो. युरोपातला सम्राट फ्रेडरिक दुसरा तेराव्या शतकात हेच करत होता आणि अबू धाबीच्या फाल्कन हॉस्पिटलमध्ये आजही हेच करतात. पीस मेलेलं असतं, नखासारखं, त्यामुळे पक्ष्याला दुखत नाही, आणि पुढच्या गळतीत जोडलेलं पीस आपोआप पडून खरं येतं. म्हणून केंद्रात मेलेल्या घारींची चांगली पिसं नंबर टाकून जपून ठेवावीत असं मी सगळ्यांना सांगत असतो.

मग उडवून बघणं. महिनाभर पेटीत राहिलेल्या पक्ष्याची छाती ढिली पडते, थेट सोडला तर दोन गल्ल्या उडून खाली बसतो आणि कुत्रं धरतं. बाजदार नवीन पक्ष्याला लांब हलकी दोरी लावून मोकळ्या मैदानात उडवतात, आम्हीही तेच करतो, दोन्ही पायांत मऊ चामड्याच्या पट्ट्या, त्याला वीस-तीस मीटर दोरी, झुडपं आणि खांब नसलेली जागा. एकाच पायाला दोरी बांधायची नाही, झटका बसून मांडी मोडते. रोज थोडं वाढवायचं, धाप किती वेळ राहते ते बघायचं. फरक इतकाच की बाजदार पक्ष्याला माणसाची सवय लावतो, आपण ती लागू द्यायची नाही, नाव ठेवायचं नाही, हातातून भरवायचं नाही, जवळ बसून गप्पा मारायच्या नाहीत. माणूस दिसला की खायला मिळतं असं शिकलेली घार उद्या कुठल्यातरी गच्चीवर माणसांच्या अंगावर उतरेल आणि लोक तिला दगड मारतील.

सोडायचा तो सकाळी, ऊन पडल्यावर, आकाश मोकळं असताना. संध्याकाळी सोडला तर रात्रीची जागा शोधायला वेळ मिळत नाही आणि कावळे मागे लागतात. उत्तरायणाचा आठवडा पूर्ण जाऊ द्या. हवेत भिरकावू नका, खोका उंच जागी ठेवून झाकण उघडा आणि मागे सरका, त्याचा तो जाईल, कधी लगेच, कधी अर्धा तास बसून.

आणि त्या आठवड्यानंतरच्या रविवारी आपापल्या गच्चीवर, सोसायटीच्या झाडांवर, डिशच्या अँटिनावर लटकलेली दोरी गोळा करा, तारांना हात न लावता, लांब काठीला आकडा बांधून. फेब्रुवारीत घारी घरटी बांधतात तेव्हा ह्याच दोऱ्या उचलून नेतात आणि पिलांचे पाय त्यात अडकतात. गोळा केलेली दोरी जाळू नका, नायलॉनचा धूर वाईट, आणि गुंता तसाच कचऱ्यात टाकला तर तिथे गाई आणि कावळे अडकतात, म्हणून कात्रीने बोटभर तुकडे करायचे, पिशवीत बांधायचे आणि मगच कचऱ्याच्या गाडीत द्यायचे.