नागपूर विमानतळावरून घरी: आधी चौक पक्का करा

मिहानमधल्या, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग-आयटी भागातल्या नोकरीसाठी, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा आयआयएममध्ये शिकायला, एम्समध्ये घरातल्या कुणाला दाखवायला आपल्या सांगली-कोल्हापूरकडची बरीच मंडळी आता विमानाने नागपूरला उतरतात. माझा नंबर कुणाकडून तरी मिळतो आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन येतो, "ताई, उतरल्यावर काय करू?" मी इथे लग्न होऊन आले, मुलं इथेच मोठी झाली, आणि या प्रश्नावर मी प्रत्येकाला उलट विचारते, "कुठल्या चौकात उतरायचंय?" बहुतेकांना ते माहीत नसतं. प्लॉट नंबर असतो, ले-आउटचं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीचं नाव असतं, पिनकोडही असतो. चौक मात्र कुणी विचारून घेतलेला नसतो.

नागपुरात पत्ता चौकानेच सांगतात. ऑटोवाला, किराणा दुकानदार, पोलीस, भाजीवाली, सगळे. शंकर नगर चौक, माटे चौक, आठ रस्ता चौक, मानेवाडा चौक, तुकडोजी पुतळा चौक. एकदा चौक सांगितला की पुढचं बोलणं सोपं होतं. तो नसेल तर तुम्ही रात्री दिव्याखाली उभे राहून फोनवरचा लांबलचक पत्ता वाचून दाखवत राहता आणि चार जण भोवती गोळा होतात. तुम्ही नवे आहात, कुठे जायचं ते तुम्हालाच नीट ठाऊक नाही, हे तिथेच सगळ्यांना कळतं. भाडं तिथूनच वाढतं. माझ्या पाहण्यात नागपूर हे बाहेरून आलेल्याला घाबरवणारं शहर नाही. इथली माणसं थांबून रस्ता दाखवतात, प्रसंगी स्कूटर पुढे घालून घरापर्यंत सोडतात. पण अर्धवट पत्ता घेऊन कुठल्याही शहरात रात्री उतरू नये, आणि इथेही नाही.

म्हणून घरमालकाला, वॉर्डनला किंवा ऑफिसमधल्या माणसाला निघण्याआधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. जवळचा चौक कुठला? चौकातून वळल्यावर डोळ्यांना काय दिसतं, मंदिर, शाळा, पेट्रोल पंप? आणि घर रेल्वे रुळांच्या अलीकडे की पलीकडे? हा तिसरा प्रश्न नवख्याला सुचत नाही, पण विमानतळावरून येताना तोच महत्त्वाचा. वर्धा रोडच्या सोबतीने रेल्वेमार्ग जातो. मनीष नगर, बेसा ही नव्या वस्तीची ठिकाणं त्याच्या पलीकडे आहेत. नकाशावर ती विमानतळाला अगदी खेटून दिसतात, पण रूळ कुठून ओलांडायचे यावर वेळ ठरते. "पाच मिनिटांचं तर आहे" म्हणून चालत निघायचा विचार तर अजिबात करू नका.

दवाखान्यासाठी येणाऱ्यांना हे मी दोनदा सांगते, कारण चूक झाली तर आजारी माणसाचे हाल होतात. नागपुरात 'सरकारी मेडिकल कॉलेज' एवढंच म्हणून भागत नाही. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ते मेडिकल चौकात, शहराच्या दक्षिण भागात. मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ते रेल्वे स्टेशनच्या बाजूला. दोन्ही सरकारी, दोन्ही मोठी आणि एकमेकांपासून चांगली लांब. आणि एम्स तिसरीकडेच, मिहानमध्ये, शहराच्या बाहेर. खाजगी डॉक्टरांची बरीच रुग्णालयं धंतोली आणि रामदासपेठेत आहेत. चिठ्ठीवर नाव काय लिहिलंय ते नीट वाचा आणि ड्रायव्हरला तेच नाव सांगा. एम्सला यायचं असेल तर राहायची सोय सीताबर्डीत, म्हणजे शहराच्या मध्यात करू नका, रोजची ये-जा पेशंटला झेपत नाही. खापरी-मिहानच्या बाजूलाच काही मिळतं का पाहा. आयआयएमचंही तसंच, तेही मिहानकडे आहे, त्यासाठी शहरात शिरायची गरज नाही.

आता विमानतळाबद्दल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावात आहे, सीताबर्डीपासून साधारण ८ किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या मानाने लहान, त्यामुळे सामान घेऊन बाहेर यायला फार वेळ लागत नाही. पण एक लक्षात ठेवा, दाराबाहेर पडलात की तिकिटाशिवाय परत आत घेत नाहीत. पाणी भरणं, स्वच्छतागृह, फोन चार्ज करणं, घरी कळवणं, गाडी बुक करणं, सगळं आतच उरकून घ्या. पत्त्याचा आणि फोन नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, शिवाय एका कागदावर लिहून खिशात ठेवा. थोड्या सुट्या नोटाही वेगळ्या काढा.

बाहेर पडून गाडी वर्धा रोडला लागली की डावीकडे शहर आणि उजवीकडे खापरी, मिहान, बुटीबोरी. एवढं पाठ असलं तरी गाडी योग्य दिशेला चाललीय की नाही हे तुमचं तुम्हाला कळतं. शहराकडे जाताना मेट्रोचा मार्ग डोक्यावरून सोबत येतो आणि उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी अशी स्टेशनं क्रमाने लागतात. त्यांच्या पाट्या वाचत बसा. मधे तीन किलोमीटरहून लांब असा दुमजली उड्डाणपूल आहे, वर मेट्रो आणि तिच्या खालच्या मजल्यावर गाड्या. ड्रायव्हर पुलावर चढला की थेट अजनीला उतरतो. तुम्हाला छत्रपती चौकातून प्रताप नगरकडे किंवा नरेंद्र नगरकडे वळायचं असेल तर आधीच सांगा, "भाऊ, पुलाखालून घ्या." हे वाक्य तुमच्या तोंडून आलं की तुम्ही नवखे वाटत नाही, आणि उगाच पडणारा वळसाही वाचतो.

दिवसा, एक बॅग घेऊन एकटं येणाऱ्याला मी मेट्रोच सांगते. पाट्या मराठीत आहेत, भाडं ठरलेलं, घासाघीस नाही, डबा थंड, आणि बायामुलींना निर्धास्त बसता येतं. २०१९ च्या मार्चमध्ये हिचा पहिला भाग वर्धा रोडवरच सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्याच्या दोन्ही मार्गिका पूर्ण झाल्या. ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत दक्षिणोत्तर जाते, ॲक्वा लाइन लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. रेल्वे स्टेशनला जायचं असेल तर सीताबर्डीला गाडी बदला, तिथून कॉटन मार्केट आणि मग नागपूर रेल्वे स्टेशन. शंकर नगर, सुभाष नगर, हिंगण्याच्या बाजूला जायचं तर तिथूनच उलट दिशेची गाडी.

मेट्रोत दोन गोष्टींनी माणसं फसतात. एक म्हणजे स्टेशनांची नावं. एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन स्टेशनं एका ओळीत आहेत. टर्मिनलसाठीचं स्टेशन नुसतं 'एअरपोर्ट'. परत जाताना 'न्यू' म्हणजे नवीन टर्मिनल असेल असं समजून पुढे जाऊ नका, विमान चुकेल. दुसरं म्हणजे हे स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे. सामान असेल तर तिथपर्यंत फीडर गाडी, म्हणजे मेट्रो स्टेशनला जोडणारी गाडी, किंवा ऑटो बघा. थंडीत, पाठीवर एकच सॅक असेल तर चालायला हरकत नाही. मे महिन्यात दुपारी मात्र नको. इथलं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं आणि आपल्याकडच्या उन्हासारखं घाम काढत नाही, अंगातलं पाणी कधी गेलं ते कळत नाही. नागपूरकर डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतात ते हौस म्हणून नाही. तुम्हीही सुती दुपट्टा आणि पाण्याची बाटली हातातल्या पिशवीतच ठेवा.

मेट्रो रात्री साधारण १० पर्यंतच असते. उशिराचं विमान असेल, आईवडील सोबत असतील, लहान मूल असेल तर सरळ कॅब करा. प्रीपेडचा काउंटर उघडा असेल तर तो चांगला, पावती हातात राहते. ॲपवरून बोलावली तर गाडीचा नंबर पूर्ण जुळवा, शेवटचे दोन आकडे बघून बसू नका. नागपूरच्या गाड्या बहुधा एमएच ३१, एमएच ४९ किंवा एमएच ४० च्या असतात. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी, विजेवरची असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी चारचाकी घेऊन कुणी "कुठे जायचंय, सोडतो" म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. ड्रायव्हरनेच आधी तुमचं नाव सांगावं, तुम्ही त्याला "अमुक ना?" असं विचारू नका. ॲपवर आलेला पिन गाडीत बसल्यावरच द्या. "ॲपवर कॅन्सल करा, मी तेवढ्यातच नेतो" असं कुणी म्हणालं तर उतरा. त्यात दोन पैसे वाचतीलही, पण गाडीची नोंद राहत नाही, आणि रात्री तुमचा आधार तीच नोंद आहे.

ऑटोला माझा विरोध नाही. इथले बरेच ऑटोवाले भले आहेत आणि दिवसा मी स्वतः ऑटोनेच फिरते. पण मीटरच्या भरवशावर राहू नका, बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते पूर्ण भाडं आहे, माणशी नाही, हे मोठ्याने बोलून घ्या. भांडणं तिथेच होतात. बोलणं हिंदीत सुरू होईल, ती इथली रीत आहे, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मराठीत बोललात की समोरचा मराठीत येतो. रात्री १० नंतर एकट्याने आलेल्याने मात्र विमानतळाच्या फाटकाबाहेरचा ऑटो करू नये, हे माझं ठाम मत आहे. मुलींनी तर नकोच.

मुलींसाठी आणखी थोडं. मागच्या सीटवर बसा, प्रवास घरच्यांना लाइव्ह शेअर करा, आणि गाडीत असताना कुणाशी तरी फोनवर बोलत राहा: "हो काका, छत्रपती चौकातून निघाले, दहा मिनिटांत पोचते, फाटकावर उभे राहा." काका खरंच उभे असावेत म्हणून घरमालकाला आधी सांगून ठेवा. काही खटकलं तर ११२ लावा, लाजू नका, "उगाच कशाला" असा विचार करू नका. गाडी थांबवायला सांगायची असेल तर उजेडाच्या चौकात, पेट्रोल पंपावर किंवा दवाखान्याच्या दारात थांबवा. धंतोलीत आणि मेडिकल चौकात रात्रीही माणसं असतात. आणि ज्यांची खोली बेसाच्या पुढे किंवा हिंगण्याच्या आतल्या बाजूला नव्या ले-आउटमध्ये आहे, जिथे अजून रस्त्यावर दिवे नाहीत, त्यांनी मध्यरात्री तिकडे जाण्यापेक्षा पहिली रात्र वर्धा रोडवरच्या एखाद्या हॉटेलात काढावी. तेवढे पैसे बाजूला ठेवूनच या. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडे पुढे जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं.

तारखा बघून तिकीट काढा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा सीताबर्डी, झिरो माइलकडे मोर्चे आणि पोलिसांचे बॅरिकेड असतात, हॉटेलं भरतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती ही जागा, आणि त्या दिवसांत रहाटे कॉलनी, लक्ष्मी नगरकडचे रस्ते वळवलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा इतवारी-महालात गाडी शिरत नाही. यांतलं काही बघायला मिळालं तर जरूर बघा, पण बॅगा घेऊन त्यात अडकू नका. अशा दिवशी मेट्रोच बरी. सीताबर्डीला, म्हणजे इथल्या बोलण्यात बर्डीला, संध्याकाळी बाजाराची गर्दी फार असते, म्हणून सामान असेल तर एक स्टेशन पुढे झिरो माइलला किंवा झांशी राणी चौकाला उतरा आणि तिथून गाडी करा.

घरी पोचल्यावर सामान उतरवून झालं की मगच पैसे द्या, ॲपवर प्रवास संपलेला दिसतोय का ते बघा, आणि घरच्यांना फोन करा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, तुमच्या चौकापर्यंत एकदा चालत जा. दूध कुठे मिळतं, औषधाचं दुकान कुठलं, ऑटो कुठे उभे राहतात, पोलीस चौकी कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा. चहाच्या टपरीवर विचारलंत तर सगळं तिथेच कळेल.