मेडिक्लेम आधी, राजीनामा नंतर

३१ मार्च २०२३, शुक्रवार. भोसरीच्या एका कंपनीत, क्वालिटीमध्ये, २४ वर्षं काढून मी ४९व्या वर्षी बाहेर पडलो. गेटवर आयकार्ड जमा केलं. रोज सलाम ठोकणाऱ्या सिक्युरिटीवाल्याने त्या दिवशी माझी बॅग उघडून बघितली. त्यात डबा होता आणि एक जुना व्हर्नियर, मापं घ्यायचं हत्यार, तोही माझाच.

लवकर निवृत्त व्हायला किती पैसे लागतात, कुठे गुंतवायचे हे तुम्ही वाचलेलं असणारच, ते उगाळत नाही. फक्त वर्षाच्या खर्चाची पंचवीसपट जमली की सुटलो, या गणिताला देव मानू नका. पहिल्या वर्षी जमलेल्या पैशांतले ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे, या ज्या हिशोबातून ते आलं तो विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला. आकडे अमेरिकेतले, आणि पैसे पुरवायचे होते ते ३० वर्षं. आपल्याला पन्नाशीच्या आत घरी बसून चाळीस वर्षं काढायचीत, तीही इथल्या महागाईत. आणि लवकर निवृत्तीचे कोर्स विकणाऱ्या गुरूंपासून लांबच राहा. त्यांचं घर तुमच्या फीवर चालतं.

मला खरा सल्ला मिळाला तो आमच्या एका रिटायर्ड फोरमनकडून, चहाच्या टपरीवर. "सोडायच्या आधी सहा महिने ठरवलेल्या रकमेत घर चालवून बघ. उरलेला पगार नाहीच असं समज." तिसऱ्या महिन्यातच आपटलो. दोन लग्नांचे आहेर, सोसायटीच्या रंगकामाची वर्गणी, गावच्या घराची पडलेली भिंत. यातलं काहीच माझ्या वहीत नव्हतं. आकडा वाढवला आणि सोडणं वर्षभर पुढे ढकललं. तेवढं एक शहाणपण केलं.

आता मेडिक्लेम. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, हे मला माहीत होतं. एप्रिलमध्ये निवांत बघू, म्हटलं. माझं चुकलं ते तिथे. मला बेचाळिसाव्या वर्षापासून शुगर आहे. आई तेव्हा ७३ वर्षांची होती. कंपनीच्या पॉलिसीत आम्ही दोघंही पहिल्या दिवसापासून, एकही प्रश्न न विचारता. स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलो तर पहिल्याच पानावर प्रश्न: मधुमेह आहे का? कधीपासून? आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळायला तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबायला लावायचे. आईला दोन कंपन्यांनी नाही म्हटलं, तिसरीने तपासण्यांची यादी पाठवली. एजंट म्हणाला, "साहेब, शुगर लिहूच नका हो, कोण बघतंय?" क्लेमच्या वेळी बघतात. तेव्हा एजंट फोन उचलत नाही. लिहाच.

तपासण्यांचं चालू असतानाच जूनमध्ये आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ॲडमिशनच्या काउंटरवर "कॅशलेस आहे का?" विचारल्यावर माझा हात सवयीने पाकिटात गेला. कंपनीचं कार्ड तिथेच होतं, मीच काढलं नव्हतं. त्या मुलीने नंबर दोनदा टाकून बघितला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. "सर, हे बंद दाखवतंय." मागे रांग होती. दोन लाख चौऱ्याऐंशी हजार खिशातून गेले, म्हणजे पहिल्या वर्षाच्या घरखर्चातला मोठा तुकडाच. अपघाताला नव्या पॉलिसीतही थांबावं लागत नाही. पण पॉलिसी हातात तर हवी.

नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं थांबण्याच्या मुदतीत धरली जातात, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. अर्ज मात्र कव्हर चालू असताना करायचा असतो, नोटीस पिरियडमध्येच, किमान महिना-दीड महिना आधी. एचआरने तो कागद पुढे केला नाही. त्यांचा दोष नाही असं लिहिणार होतो, पण आहे. त्यांनी स्वतःहून सांगायला हवं होतं. तुम्ही मात्र वाट बघू नका. विमा कंपनी कोणती आणि अर्ज कुणाकडे द्यायचा, हे मेलवर विचारा. त्याहून बरं म्हणजे चाळिशीत, तब्येत धड असतानाच, स्वतःची वेगळी पॉलिसी घेऊन ठेवा. तेव्हा मला तो हप्ता पाण्यात गेलेला वाटायचा.

आता परिस्थिती बरी आहे. आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं ५ लाखांचं कव्हर मिळतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. तेव्हा घाबरून जाऊ नका, फक्त क्रम चुकवू नका.

पीएफचं थोडक्यात: नोकरी सुटल्यानंतर जमा होणाऱ्या व्याजावर टॅक्स लागतो. आणि ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन पन्नाशीत सुरू करता येते म्हणून हुरळू नका, ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापतात. माझी ५८ व्या वर्षी साडेतीन हजारांच्या आसपास बसते. त्यात महिन्याचं दूधही भागायचं नाही.

एवढं होऊनही परत जाशील का विचारलं तर नाही. अजून पाच दहाला जाग येते. नाशिक फाट्याला कंपनीची बस लागली असेल, हे डोक्यात येतं आणि मी कूस बदलतो. पहिले काही महिने मात्र वाईट गेले. लिफ्टमध्ये रोज कुणीतरी विचारायचं, "आज सुट्टी?" मी कधी कन्सल्टिंग म्हणायचो, कधी वर्क फ्रॉम होम. क्वालिटीवाल्याचं कसलं वर्क फ्रॉम होम! बायको तोंड फिरवून हसायची.

आई आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. घरी कुणी आलं की तीच आधी सांगून टाकते, "माझं ऑपरेशन झालं ना, म्हणून याने नोकरी सोडली." राजीनामा मार्चचा आणि ऑपरेशन जूनचं. मी चहा टाकायला आत जातो.